मग तुटायचं कुणी

गाडी चार इंच वर उचलली त्या दिवशी
मला वाटलं, झालं.
मोरगिरीच्या वरच्या धनगरवाड्याचे दगड
आता हिच्या पोटाला लागणार नाहीत.
लागलेही नाहीत.
पण काटा चाळिसाच्या पुढं गेला की
मागच्या बर्फाच्या पेटीत
लाळ्या-खुरकूतच्या लसीच्या बाटल्या
दात वाजवायला लागायच्या,
थंडीनं नव्हे.

ओगलेवाडीत, फाटकाच्या अलीकडं,
बाबालाल आतार.
आडनावात अत्तर, अंगाला ग्रीस.
तो गाडीखाली शिरला, आणि बराच वेळ
मी त्याच्या तळपायांशीच बोलत राहिले.
"गाडी उचलली ते ब्येस केलं मॅडम.
शाफ्टला इचारलं हुतं का?"

मग गोणपाट अंथरून मलाही खाली बोलावलं.
उताणी पडून पाहिलं:
गिअरबॉक्स गाडीबरोबर वर गेलेला,
मागचं हाउसिंग चाकांपाशी खालीच,
आणि मधला शाफ्ट
अडलेल्या म्हशीच्या पोटात
मान मुडपून बसलेल्या रेडकासारखा.
रोज हात घालून जे चाचपते
ते इथं डोळ्यांनी दिसत होतं.

त्यानं ओळंबा सोडला, कोन मोजला,
खडूनं चॅसीवर लिहिला: एकवीस.
चाकं अधांतरी लोंबकळत सोडली
तेव्हा स्लिप योकचे दाते
खोबणीत उरले जेमतेम दोन बोटं.
"एका खड्ड्याचं काम हाय.
ह्यो सुटला की टोक जमिनीत रुतंल,
आन् तुमची गाडी बांबूउडी मारंल."

मग फळीवर एकेक मांडत गेला.
जाड नळी.
लांब दात्यांचा योक.
दोन क्रॉसांचा जोड,
एकाला न झेपणारा कोन दोघांत वाटून घेणारा.
आणि शेवटी, तेलकट कागदातून,
एक परदेशी क्रॉस,
ग्रीस भरायला तोंडच नसलेला.
तुटत नाही म्हणे.

मी म्हटलं, हाच. सगळ्यात मजबूत.

त्यानं चहा सांगितला.
चहा आला. निवला.
"मग तुटायचं कुणी?"

मला कळलं नाही.

"चाक दगडात बसल्यावर तुमी रेटणार.
त्यो जोर कुटंतरी जाणारच की.
क्रॉस न्हाई तुटला तर योक.
योक न्हाई तर गिअरबॉक्सचं प्वाट.
क्रॉस साडेचारशेला.
गिअरबॉक्सचा आकडा
मी चहा पिताना सांगत न्हाई."

नोकरीच्या पहिल्या वर्षी, ढेबेवाडीकडं,
पायाळू रेडकू, रात्रीचे दोन,
ओढायला पाच गडी.
सुती दोर जुना होता म्हणून
मी नायलॉनचा बांधला.
तो तुटला नाही.

हे मी बाबालालला सांगितलं नाही.
परदेशी क्रॉस कागदात गुंडाळून
त्याच्याकडं सरकवला.

जाड नळी घेतली. लांब दाते घेतले.
वरच्या टोकाला दोन क्रॉसांचा जोड,
हाउसिंगचं तोंड जरा वर,
शाफ्टकडं बघेल असं.
आणि क्रॉस साधे, ग्रीसच्या तोंडाचे,
दर महिन्याला भरवायचे.
"कान एका रेषेत धर रं," तो पोराला ओरडत होता,
"न्हाईतर नवा बी थरथरतो."
लेथवर शाफ्ट फिरला,
नखाएवढी पत्री एका कुशीला चिकटवली,
पुन्हा फिरवला, पुन्हा एक.

परवा मोरगिरीचा चढ चढले.
चाळिसाला बाटल्या गप्प.
पन्नासाला गप्प.
बावन्नला थोडी कुरकुर.
फोन केला तर म्हणाला, "तेवढी आसू द्या.
आन् ज्यादाचा क्रॉस घेतलाय न्हवं?"
घेतलाय.
कॅल्शियमच्या बाटल्यांशेजारी, फडक्यात.
नायलॉनचा दोर
अजून त्याच पेटीत तळाशी आहे.